डावा दंड

मंडणगडची गाडी खोपटला टेकली तेव्हा साडेसहा.
स्टँडच्या नळावर तोंड धुतलं.
पिशवीतली चांगली साडी नेसायला आडोसा मिळाला नाही,
म्हणून अंगावरचीच झटकून सारखी केली.
निमकर फोनवर म्हणालेले, रिक्षा करा, नौपाडा सांगा,
पैसे आपण देऊ.
मी चालत गेले.
तीस वर्षं लसींचा डबा खांद्याला लावून हिंडले,
नौपाडा म्हणजे काय, दोन वाड्यांचं अंतर.

तलावपाळीला म्हातारे फेऱ्या मारत होते
औषधासारख्या, मोजून.
एकानं विचारलं, कुणाकडे?
प्रकाशकाकडे, मी म्हटलं.
"कुठला प्रकाशकाका?"

निमकरांचं ऑफिस जिन्याखाली.
पंखा, चहा, पाठकोऱ्या कागदावर हिशोब:
छापल्या पाचशे, विकल्या एकशे एकसष्ट,
भेट चाळीस, त्यातल्या तीस मीच नेलेल्या,
उरल्या त्या वागळे इस्टेटच्या गोदामात
प्लास्टिकखाली.
"कथा जात नाहीत हो, सिस्टर.
तुमचे अनुभव लिहा. खरे. त्याला मागणी आहे."
मी चहा बशीत ओतला.
खरे म्हणजे कोणते, ते विचारायचं राहिलं.

पाच वाजता सह्या.
राम मारुती रोडला एका दुकानाचा पोटमाळा,
बावीस खुर्च्या, सहांवर माणसं,
सातवीवर कुणाची तरी भाजीची पिशवी,
तिच्यातून मेथी माझ्याकडे बघत होती.
पहिलं पुस्तक पुढ्यात आलं,
आणि हात आपला आपण चालू लागला:
सु. द. जड्यार, तारीख,
तारखेखाली रेघ, रेघेखाली
डोस पहिला, डावा दंड.
गृहस्थांनी वाचलं, मान डोलावली,
"वा. काव्यात्म आहे."
बॅच नंबर लिहिणार होते, तेवढ्यात थांबले.

सगळ्यांत शेवटी एक बाई.
कोलशेतला राहते, एकविसावा मजला,
ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात.
"मी प्रज्ञा. साळव्यांची, वरच्या वाडीतली.
बालवाडीत सुई दिलीत तुम्ही मला.
खूण राहिली नाही, नाहीतर दाखवली असती."
मला आठवेना.
दंड किती धरले, चेहरे कुठे बघितले?
चेहरा रडतो. दंड स्थिर लागतो.

"तुम्ही म्हणालात, तो बघ शेवग्यावर कावळा,
बघ त्याच्या चोचीत काय आहे.
मी बघितलं आणि तुम्ही टोचलंत.
कावळा नव्हता, सिस्टर."

कुणी हसलं नाही.

"मग मी रोज बघायचे, येता-जाता.
शेवगा वादळात पडला, तोपर्यंत.
काय होतं चोचीत?"

काय सांगू.
दर पोराचा कावळा वेगळा.
कुणाला विमान दाखवलं,
कुणाला पाखाडीवरून उतरणारा मामा,
ज्याला मामाच नव्हता त्यालाही.
संध्याकाळी रजिस्टर भरायचे:
नाव, वय, लस, सही.
कावळ्याला रकाना नव्हता.
तो मग घरी यायचा माझ्याबरोबर,
भाकरी थापताना परातीच्या काठावर बसायचा.

तिच्या पुस्तकावर तिचं नाव लिहिलं.
खाली बरंच काही लिहायचं होतं.
दुकानदार दिवे मालवायला आला.

जिना उतरताना निमकर खुशीत,
"हेच! हेच लिहा. हे खरं आहे."
"कावळा?" मी म्हटलं. "तो नव्हता."
त्यांनी पाकीट दिलं, रिक्षाचे पैसे धरून आठशे,
आणि न खपलेल्या बारा प्रती सुतळीनं बांधून.

साडेदहाची गाडी, खिडकीची जागा,
मांडीवर गठ्ठा, बाळंतपणातल्या पोरासारखा जड.
पुढच्या सीटवर एक पोर रडत होतं, कशासाठी कोण जाणे.
मी सवयीनं बाहेर बोट दाखवलं.
ते गप्प झालं. बाहेर काळोख.

तिकिटाच्या पाठीवर लिहिलं, चोचीत.
खारपाड्याचा पूल गेला तरी
पुढचा शब्द आला नव्हता,
आणि पोर अजून काचेला नाक लावून
बघत होतं.